दोरी दिसायची, तरी माणूस उडायचा

२८ फेब्रुवारी २०२५ ला रीमा कागती यांचा, मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांवरचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा सिनेमा लागला आणि माझ्या ओळखीतली बरीच सुशिक्षित मंडळी गहिवरली. सिनेमावर प्रेम करावं तर असं, कुणी म्हणालं. ते दिवस गेले, ती निरागस माणसं गेली, असं आणखी कुणी. मग हळूहळू फोनवर जुन्या तुकड्यांचा पाऊस सुरू झाला. हिरव्या कडा सुटलेला सुपरमॅन, पडद्यावर धावणारा लक्ष्मीकांत बेर्डे, गोल गोल फिरणारा शक्तिमान. प्रत्येक तुकड्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा.

गहिवरायला माझी हरकत नाही, मीही गहिवरतो. हरकत आहे ती या गहिवराच्या पोटातल्या एका समजुतीला. ती समजूत अशी, की स्वस्तातले, ठिगळं लावलेले, अचाट आणि अतर्क्य सुपरहिरोपट बनवणारी माणसं भाबडी होती, ते बघणारी त्याहून भाबडी होती, आणि आता आपण शहाणे झाल्यामुळे आपल्याला त्या भाबडेपणाची आठवण येते. हे साफ खोटं आहे. नायकाला उडवणारी दोरी तेव्हाही सगळ्यांना दिसत होती. पंचवीस पैशांचं गोळीबिस्कीट खाणाऱ्या पोरालाही दिसत होती.

आधी मालेगावचंच बघू. नासिर शेख हा तिथं व्हिडिओ पार्लर, म्हणजे कॅसेटवर पिक्चर दाखवणारी छोटी टॉकीज, चालवणारा माणूस. गाव यंत्रमागाचं, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीत कामगारांना पिक्चर हवा. आधी त्यानं 'शोले'ची मालेगावी आवृत्ती केली, ती गावात धो धो चालली. मग सुपरमॅन काढायचं ठरलं. तो कसा काढला याची फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये डॉक्युमेंटरी केली आणि ती जगभरच्या महोत्सवांत फिरली. सुपरमॅन झाला होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा हाडकुळा गडी. अंगात सुपरमॅनचा पोशाख, त्यावर चड्डी, आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबणारी.

आता या सुपरमॅनची गंमत काय? तो उडतो, पण गावच्या धुळीनं त्याला दम लागतो. खलनायकाला घाण आवडते, सगळा गाव घाण व्हावा अशी त्याची इच्छा. तंबाखू-गुटख्याच्या विरोधात सुपरमॅन उभा. हा विनोद कळायला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एक, अमेरिकेतला सुपरमॅन कसा असतो. दोन, यंत्रमागाच्या गावात श्वास कसा घ्यावा लागतो. मालेगावच्या प्रेक्षकाला या दोन्ही गोष्टी पाठ होत्या. तो शफीकच्या काटकुळ्या दंडांना हसत नव्हता, स्वतःच्या फुप्फुसांना हसत होता. असं हसणाऱ्याला भाबडा म्हणायचं, तर शहाणा कुणाला म्हणायचं? पुढं २०११ मध्ये शफीक कर्करोगानं गेला. पडद्यावर तंबाखूशी भांडलेला माणूस. यावर आणखी काही लिहिण्याची गरज नाही.

सुसान सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेनं १९६४ मध्ये अशा भडक, अघळपघळ, चुकत चुकत मजा आणणाऱ्या कलेवर एक गाजलेला निबंध लिहिला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की अशा गोष्टींतला खरा माल तोच, जो अगदी गंभीरपणे करायला गेला आणि फसला. मुद्दाम केलेलं वेडगळपण तिला तितकंसं भावत नाही. १९६६ च्या टीव्हीवरच्या बॅटमॅनसारख्या गोष्टींबद्दल आणि १९८४ च्या 'टॉक्सिक अव्हेंजर' या स्वस्तातल्या अमेरिकन सुपरहिरोपटाबद्दल पाश्चात्त्य समीक्षक अजून त्याच चौकटीत बोलतात: हे मुद्दाम आहे की चुकून? चौकट हुशारीची आहे, पण आपल्याकडं ती उपयोगाची नाही. आपल्याकडं मुद्दाम आणि चुकून यांच्या मधोमध एक भली मोठी जागा आहे, आणि त्या जागेत आपण शेकडो वर्षं राहतोय.

त्या जागेत मला रायरंद दिसतो. बाकी महाराष्ट्र त्याला बहुरूपी म्हणतो. आमच्याकडं मराठवाड्यात सुगी उरकली, जवारी घरात आली, की रायरंद गावात यायचे. एक यायचा फौजदार होऊन. खाकी सदरा त्याच्याहून दोन मापं मोठा, पट्ट्यात लाकडाचं पिस्तूल, गळ्यात शिट्टी, हातात कुठल्या तरी सहकारी बँकेची जुनी डायरी. वाड्याच्या दारात उभा राहून दरडावायचा, "म्हातारे, तुझ्या म्हशीवर केस झालीया. सरपंचाच्या कडब्याला तोंड लावलं तिनं. धा रुपये दंड, न्हाईतर चल ठेसनात." माझी आजी ओसरीवरून न उठता म्हणायची, "सायेब, म्हस सरकारजमा करा. पर सकाळच्याला धार काढाया तुमीच या." तो डायरीत गंभीर चेहऱ्यानं लिहून घ्यायचा. पोरं खांबामागं लपायची, खरंच लपायची. आदल्या दिवशी हाच माणूस शेंदूर फासून, गोणपाटाची शेपटी लावून मारुती झाला होता, हे त्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. शेपटीच्या चिंध्यांचा रॉकेलचा वास अजून त्याच्या खाकीला येत होता. तरी लपायची. आणि शेवटी आजी सूपभर जवारी त्याच्या झोळीत ओतायची. ती फसली म्हणून नव्हे. खेळ चांगला झाला म्हणून.

हा करार होता. तो म्हणणार मी फौजदार, आम्ही म्हणणार बरं सायेब, आणि दोघांनाही ठाऊक की पिस्तूल लाकडाचं आहे. लाकडाचं आहे म्हणून तर मजा. खऱ्या फौजदाराला म्हशीची धार काढायला बोलवायची हिंमत कुणाची झाली असती?

सोंगी भारुडात तर हे आणखी उघड असतं. एकनाथ महाराज आमच्या पैठणचे, त्यांची भारुडं मराठवाड्यात अजून होतात. गडी धोतरावर लुगडं नेसून उभा राहतो, भरघोस मिशीवरून पदर घेतो आणि सासूची गाऱ्हाणी सांगायला लागतो. 'मिशी दिसतेय की हो' असं तिथं कुणी म्हणत नाही. म्हणणाराच येडा ठरेल. मिशी दिसली पाहिजे, आणि तरीही सासू खरी वाटली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरता येणं ही प्रेक्षकाची तयारी आहे, आणि ती तयारी कुठल्याही चित्रपट रसग्रहण शिबिराशिवाय आमच्या म्हाताऱ्या माणसांकडं होती.

म्हणून माझं म्हणणं आहे, की स्वस्तातले सुपरहिरोपट हे हॉलिवुडची हुकलेली नक्कल म्हणून मोजायचेच नाहीत. ते जमलेलं सोंग आहे की फसलेलं सोंग, एवढंच बघायचं. फसलेलीही पुष्कळ आहेत, त्यांना फसलेलंच म्हणावं. पण मोजपट्टी आपली लावावी.

मराठीत या जातीचं सगळ्यात जमलेलं काम महेश कोठारे यांनी केलं, आणि त्याला आपण अजून त्या नावानं ओळखत नाही. १९८७ चा 'दे दणादण' आठवा. लक्ष्मीकांत बेर्डे हवालदार, त्याला अचानक अचाट शक्ती मिळते, आणि लाल रंग दिसला की ती शक्ती गायब होते. मूळ कल्पना परदेशी सिनेमावरून घेतलेली आहे, हे झाकायचं कारण नाही. पण हवालदाराला अमानवी ताकद देऊन ती लाल रंगानं पंक्चर करायची, आणि ते लक्ष्मीकांतच्या त्या गोंधळलेल्या, ओशाळलेल्या तोंडावर दाखवायचं, हे मराठी मातीत रुजलेलं काम आहे. शक्ती गेली की त्याचे खांदे कसे पडतात ते बघा. कुठलाही लोखंडी चिलखतवाला नायक एवढ्या कमी सामानात एवढं करून दाखवत नाही. मग १९९० चा 'धडाकेबाज', बाटलीतला इवलासा लक्ष्मीकांत आणि कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ. मग १९९३ चा 'झपाटलेला', रामदास पाध्ये यांच्या हातातला तात्या विंचू.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण स्मरणरंजनाच्या धुरळ्यात नेमकी तीच हरवते. हे सिनेमे त्यांच्या काळात कुणी 'बी ग्रेड' म्हणून बघितले नाहीत. 'धडाकेबाज' मराठीतला पहिला सिनेमास्कोप सिनेमा होता. पडदा असा रुंद उघडला तेव्हा बघणाऱ्याची छाती फुगली होती, आपल्या भाषेतही हे होतं म्हणून. तात्या विंचूला घाबरून पोरं रात्री अंगणात जायला नको म्हणायची. आज तोच तात्या पाहून आपण 'किती क्यूट' म्हणतो. म्हणजे सिनेमा बदलला नाही, आपण बसायची जागा बदलली. खालून बघत होतो, आता वरून बघतो. आणि वरून बघण्यालाच आपण प्रेम म्हणायला लागलो.

टीव्हीवर हेच शक्तिमानचं. १९९७ ते २००५, दूरदर्शन, रविवारची दुपार. गावात लाइट नसली की कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणायची, बारा व्होल्टवर चालणारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ओट्यावर मांडायचा, वायरी दातांनी सोलून जोडायच्या. एकजण अँटेनाजवळ. "आलं का?" "न्हाई, उलीसं डावीकडं... आता आलं, आता हालू नको!" तो बिचारा अख्खा भाग पाइप धरून उभा, त्याला शक्तिमान दिसतच नाही, बाकीच्यांनी त्याला ओरडून सांगायचं. बॅटरी उतरत आली की चित्र चारी बाजूंनी आकसत जायचं, आणि शक्तिमान नेमका जिंकायच्या वेळेला खिडकीएवढा व्हायचा. इतक्या उपद्व्यापानंतर बघितलेल्या गोष्टीचे ग्राफिक्स कसे होते, असा प्रश्न मला कुणी विचारला की उत्तर सुचत नाही. आम्ही स्वतःच त्यातले निम्मे ग्राफिक्स होतो.

गणपतीत मंडळाचा व्हीसीआर असायचा. टीव्ही, मशीन, कॅसेटी सगळं भाड्यानं, रात्रभर तीन पिक्चर. हेडवर कचरा बसला की चित्रात मुंग्या यायच्या, मग ऑपरेटर कुणाकडून तरी कोरी नोट मागून घ्यायचा आणि तिनं हेड पुसायचा. नांदेडच्या, औरंगाबादच्या दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यांत पुढं सीडीचा जमाना आल्यावर हैदराबादच्या 'द अंग्रेज'सारख्या विनोदी सिनेमांनी अशाच रात्री गाजवल्या. तो सुपरहिरोपट नव्हता, पण जात तीच: हातातल्या पैशात, आपल्या बोलीत, आपल्या माणसांना हसवायचं. निजामाच्या राज्यातून १९४८ ला बाहेर पडलेल्या या मुलखाला चारमिनारच्या गल्लीतली बोली परकी वाटायचं काही कारणच नव्हतं.

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही त्याच गहिवराच्या रांगेत जाऊन बसेन.

व्हिडिओ पार्लर ही पुरुषांची जागा होती. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईच्या आठवणीत ती जागा नाही. तिच्या आठवणीत फार तर तिथून उशिरा आलेला नवरा आहे. मालेगावच्या त्या सिनेमांत काम करायला गावातल्या बायका मिळत नसत, नटी बाहेरगावाहून आणावी लागे. आणि त्या काळच्या विनोदाचं निम्मं भांडवल काय होतं? जाडा माणूस, काळी बाई, तोतरा, बायकी चालणारा. 'ते दिवस' म्हणून जे तुकडे फिरतात त्यात हे तुकडेही असतात, आणि ते आज पाहताना माझ्या मुलीच्या चेहऱ्याकडं मला बघवत नाही. दोरी दिसली तरी चालते, ते सोंगाचं अंग आहे. दुबळ्याला टपली मारणं हे सोंगाचं अंग नाही. रायरंद फौजदार व्हायचा तो फौजदाराची टर उडवायला, म्हातारीची नाही. जुन्या सिनेमांतलं काय उचलायचं आणि काय तिथंच ठेवायचं याची निवड या एका कसोटीवर बऱ्यापैकी होते.

आता आजचं. तक्रार अशी ऐकू येते, की असे सिनेमे आता होत नाहीत, कारण प्रेक्षकाला झगमगाटाची सवय लागली. मला हे पटत नाही. तालुक्याच्या कुठल्याही पोराच्या फोनमध्ये आज नासिर शेखच्या व्हीएचएस कॅमेऱ्यापेक्षा शंभरपट बरं यंत्र आहे. हिरवा पडदा लावून माणूस उडवायचं ॲप फुकट मिळतं. आमच्याकडची पोरं स्पायडरमॅनच्या तोंडी परभणीची बोली घालतात, "काय बे, कुठं लोंबकळलालास?" आणि ते लाखो लोक बघतात. खुद्द मालेगावातून छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी लोकांपर्यंत गेले. म्हणजे सोंग जिवंत आहे, बनवणं कधी नव्हे इतकं स्वस्त झालंय. महाग झाली ती बसायची जागा.

स्वस्त सुपरहिरोपट हा एकट्यानं बघायचा प्रकारच नाही. फोनवर तो दीड मिनिटाचा चुटका होऊन जातो. त्याला शेजारी हसणारा माणूस लागतो, मागून ओरडणारा लागतो, "आरं दोरी तुटंल की!" म्हणणारा लागतो. ती जागा तालुक्याच्या टॉकीजमध्ये होती, जत्रेतल्या तंबूत होती, आणि दोन्ही भराभर गेल्या. टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय किंवा व्यापारी संकुल झालेलं मराठवाड्यात कुठंही दिसेल. जत्रेतल्या फिरत्या तंबूंची अखेर दाखवणारी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी २०१६ मध्ये कानच्या महोत्सवात गेली, महाराष्ट्रातल्याच तंबूंवर बेतलेली. तिथं टाळ्या पडल्या. तंबू वाचले नाहीत.

आणि इथं प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही, सार्वजनिक होतो. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हे चांगलं झालं. पण शंभर रुपयांच्या आतलं तिकीट विकणारी टॉकीज तालुक्यात उरली असेल तर. राज्य सरकारची मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य द्यायची योजना आहे. 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख असा हिशोब राहिला आहे, आणि दर्जा ठरवायला समिती असते. समितीनं काय करावं हा त्यांचा प्रश्न. पण उदगीरच्या किंवा सेलूच्या पोरांनी फोनवर काढलेला तासाभराचा सुपरहिरोपट त्या समितीसमोर कधी जाणारच नाही, कारण तो त्या दारातून आत शिरेल अशी वाटच ठेवलेली नाही. शिवाय जाहीर खेळ लावायचा तर १९५२ च्या कायद्याप्रमाणं सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कागद, फी, मुंबईच्या चकरा. पोरं म्हणतात, मरू दे, यूट्यूबवर टाक. त्यांचं चुकत नाही.

माझी सूचना साधी आहे. एका 'अ' दर्जाच्या अनुदानाएवढी रक्कम दरवर्षी बाजूला काढा आणि ती लाख-दीड लाखाच्या तुकड्यांत जिल्ह्याजिल्ह्यात वाटा. अट एकच, सिनेमा आपल्या तालुक्यात, आपल्या बोलीत, खुर्च्या मांडून दाखवायचा. प्रमाणपत्राची प्रक्रिया अशा छोट्या सिनेमांसाठी जिल्ह्याच्या गावी, एका खिडकीवर करून द्या. तीसेक सिनेमे होतील, त्यातले पंधरा रद्दी निघतील. निघू द्या. मोठ्या अनुदानातूनही रद्दी निघतेच, फक्त ती नीट उजेडात चित्रित केलेली असते.

"मग मराठीत मोठा, दिमाखदार सुपरहिरो का नको?" असं विचारणारे भेटतात. नको असं नाही. श्रेयस तळपदेला घेऊन २०१५ मध्ये 'बाजी' झाला, प्रयत्न प्रामाणिक होता. पण किती जणांच्या लक्षात आहे? पैशाच्या शर्यतीत आपण हॉलिवुडच्या तर सोडाच, हैदराबादच्या तेलुगू सिनेमाच्याही मागं राहणार. शेजाऱ्यांनी काय केलं ते बघा. मल्याळममध्ये २०२१ ला 'मिन्नल मुरली' आला, नायक खेड्यातला शिंपी. वीज अंगावर पडून शक्ती आली तरी त्याची भांडणं गावातली, त्याचा शत्रू गावानं हिणवलेला चहाच्या टपरीवरचा माणूस. तेलुगूत २०२४ ला 'हनु-मान' आला, एका काल्पनिक खेड्यातला भुरटा पोरगा नायक, आणि त्यानं त्याच्याहून कितीतरी महागड्या सिनेमांना धूळ चारली. दोघांनीही आधी गाव पक्कं केलं, उडायचं नंतर बघितलं.

गाव पक्कं करायचं तर मराठवाड्याएवढं सामान कुणाकडं आहे? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी नको म्हणून जमावबंदी लावली होती. त्या उन्हाळ्यात लातुरात कुणी माणूस उडताना दिसला असता, तर लोकांनी तोंडात बोटं घातली नसती. पहिला प्रश्न आला असता, "एका खेपेला किती घागरी आणतोस?" दुसरा प्रश्न आला असता नगरसेवकाकडून: उडायला कुठल्या वॉर्डापासून सुरुवात करणार? तिसऱ्या दिवशी त्याच्या नावाचे फ्लेक्स, खाली पाच भावी आमदारांचे फोटो. चौथ्या दिवशी तो टँकरवाल्यांचा शत्रू नंबर एक. हा विनोद नाही, हे पटकथेचं पहिलं अर्ध आहे, आणि ते गोरेगावच्या चित्रनगरीत बसून कुणाला सुचायचं नाही.

किंवा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर घ्या. गावचा डीपी जळाला की तो बदलून मिळेस्तोवर पिकं वाळतात. नायकाच्या अंगात वीज आहे, तो स्वतःच खांबावर चढून गावाला लाइट देतो, आणि महावितरणचा माणूस येऊन त्यालाच आकडा टाकल्याची नोटीस देतो. किंवा बीडची ऊसतोड मजूर बाई, जिला एका हंगामात कळतं की ती बैलगाडी उसासकट एका हातानं उचलू शकते. हंगामाआधी उचल म्हणून आगाऊ पैसे देणारा मुकादम काय म्हणेल? "उचल जास्त घेतलीस, तर आता एकटीनंच दोन कोयते धर." इथं मला तरी माणूस उडतो का, दोरी दिसते का, याची फिकीर राहत नाही. मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी हेल मराठी पडद्यावर नायकाच्या तोंडी रुळवला, तोवर हा हेल पडद्यावर गड्याच्या वाट्याला यायचा. आता हा हेल बोलणाऱ्याला, आणि बोलणारीला, एखादी अचाट शक्तीही देऊन बघायला हरकत नाही.

जुन्याचं काय करायचं हा एक छोटा प्रश्न उरतो. प्रत्येक तालुक्यात लग्नाचं शूटिंग करणारे एक-दोन जुने व्हिडिओवाले आहेत. त्यांच्या कपाटात लग्नांच्या कॅसेटींमागं गावच्या गॅदरिंगचं, जत्रेतल्या नाटकाचं, कुणीतरी हौसेनं काढलेल्या अर्धवट पिक्चरचं चित्रीकरण पडलेलं असतं. फितीला बुरशी धरते, मशीन दुरुस्त करणारा मिळत नाही. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी भारुडं, ओव्या गोळा केल्या तशा या कॅसेटी गोळा करायला कुणी अडवलेलं नाही. गहिवराचं थोडं पैशांत रूपांतर इथं केलं तर बरं.

छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, चांगला भरतो. पण तिथं यासाठी एक संध्याकाळ मागण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. तिथं लोक शांत बसतील, आणि शांत बसले की खेळ संपला. त्यापेक्षा नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं आमचं माळेगाव बरं. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा, घोडे, उंट, गाढवं, कुस्त्या, हौशे, नवशे, गवशे सगळे हजर. जिल्हा परिषद तिथं दरसाल काय काय भरवते, त्यात एक तंबू वाढवायला काय लागतं? तिकडच्या मालेगावचा सुपरमॅन इकडच्या माळेगावात आणावा, त्याच्यामागं सेलूच्या, उदगीरच्या पोरांचे सिनेमे लावावेत, तिकीट वीस रुपये, बायकांना बसायला पुढची निम्मी जागा. फक्त लावणी महोत्सवाच्या रात्री हा खेळ ठेवू नका. सुपरमॅन असला म्हणून काय झालं, त्या रात्री त्याच्या तंबूत कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही.